पावणेनऊ मासे

बंदुकीच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने अगदी सहज विचारलं होतं, "खाणार आहात का नुसतंच मारणार?" बस, एवढंच. पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल, दोन्ही कोपरं काचेवर टेकलेली, आणि विचारताना तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, मागच्या रॅककडे बघत होता, म्हणजे माझं उत्तर आलं की हात डावीकडे न्यायचा की उजवीकडे एवढंच त्याला ठरवायचं होतं. आपल्याकडे मटणवाला विचारतो ना, रश्शाला हवंय की सुक्याला, तितक्याच सहजतेने. मी पटकन म्हणून टाकलं, "खाणार." का म्हणालो देव जाणे. इथल्या आमच्या घरात कोणी डुक्कर खात नाही, मी स्वतः ऑफिसच्या पार्टीत पिझ्झावरचं बेकन वेचून बाजूला काढणारा माणूस. पण 'नुसतंच मारणार' हे एका अनोळखी माणसाला तोंडावर सांगायला जीभच रेटेना. तो "गुड" म्हणाला, हात उजवीकडे गेला आणि एक छोटा जड डबा माझ्यासमोर आला. वीस काडतुसं, पॉइंट ३०८, १३० ग्रेन, पूर्ण तांब्याची गोळी. शेजारच्या शिशाच्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट किंमत.

पैसे दिले आणि बाहेर आलो. प्रश्न पण माझ्याबरोबर गाडीत येऊन बसला.

हे सगळं सुरू झालं शेजारच्या काकांमुळे. सत्तरीचे आहेत, इथे सगळे त्यांना सरळ नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते निघत नाही, मी 'सर' म्हणतो आणि टेक्सासमध्ये ते खपून पण जातं. घरी आम्ही त्यांना काकाच म्हणतो. आम्ही राहतो ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये, म्हणजे आता नुसत्या सबडिव्हिजन, देसी ग्रोसरी आणि फ्रीवे, पण जुन्या केटीत गेलात तर भात वाळवायचे उंचच उंच ड्रायर अजून उभे दिसतात. एके काळी हा सगळा भाताचा मुलूख. मला हे कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं होतं, कारण मी कुडाळकडचा, भातात वाढलेला. काकांच्या भावाची पाऊण तासावर ईगल लेकच्या बाजूला अजून भातशेती आहे आणि तिथे डुकरांनी उच्छाद मांडलाय, बांध उकरतात, पाणी वाहून जातं, पेरलेलं उपटून खातात. मे महिन्यात एकदा काकांनी फोनवर फोटो दाखवला, फुटलेला बांध, चिखलात खुरांचे ठसे, आणि मध्ये नांगर फिरवल्यासारखी उकरलेली जमीन. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो. हे मी आधी पाहिलंय, शंभर वेळा पाहिलंय, फक्त आमच्याकडे बांधाला मेर म्हणतात आणि बाजूला माडाची झाडं असतात.

काका म्हणाले, येतोस का? मी म्हणलं, येतो.

इथे एक गंमत सांगायलाच पाहिजे. टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर डुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्सच लागत नाही. सीझन नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, दिवसा मारा, रात्री मारा, २०११ च्या कायद्याने तर हेलिकॉप्टरमधून मारायची पण सोय करून ठेवलीय. डुकरं साधारण २६ लाख आहेत असा अंदाज सांगतात, त्यामुळे सरकारला वाटतं कोणीही या आणि मारा. पण मी एच-वन-बी वर. आणि फेडरल कायदा म्हणतो की अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक काय, काडतूस जरी जवळ बाळगायचं तरी त्याच्याकडे वैध हंटिंग लायसन्स पाहिजे. म्हणजे डुकराला लायसन्स लागत नाही, मला लागतं. मग आधी ऑनलाइन हंटर एज्युकेशनचा कोर्स, कारण २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागतो, मग परीक्षा, मग लायसन्स. दुकानात कोणी काही विचारलं नाही, काडतुसं घेताना इथे दुधाच्या कॅनइतकीच चौकशी होते, पण मी आपला तो कागद पाकिटात घडी करून ठेवलेला, पासपोर्टची झेरॉक्स ठेवावी तसा. बायको म्हणाली, ग्रीन कार्डची लाइन लागलीय आणि तुला हे सुचतंय. बरोबरच होतं तिचं.

तर काडतुसांची ती भिंत. मी दोन वेळा नुसतं बघून आलो होतो, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा घेतलं. किराणा दुकानात बिस्किटांचे पुडे असतात तसे डबे, आणि डुकरांसाठीचा म्हणून एक वेगळाच खण. 'फुल बोअर', 'रेझरबॅक', 'हॉग हॅमर' असली नावं, काहींवर सुळे काढलेला चिडका डुक्कर. डब्यावरच्या त्या चित्रांकडे बघून वाटतं की तो प्राणी तुमच्या अंगावर चालून येतोय आणि तुम्ही स्वसंरक्षण करताय. प्रत्यक्षात तो मका खात असतो. आणि मग आकडे, म्हणजे कुठल्या बंदुकीचं काडतूस ते. २२३, ३०८, ३०-३०, ३०० ब्लॅकआउट, ६.५ क्रीडमोर, पंचेचाळीस-सत्तर, जे १८७३ पासून चालत आलंय आणि ज्याचं काडतूस माझ्या करंगळीएवढं जाड. प्रत्येकाखाली ग्रेन. ५५ ग्रेन, १२५ ग्रेन, १५०, १६५, १८०. पहिल्यांदा मला वाटलं की ग्रेन म्हणजे आत भरलेली दारू, जितके जास्त तितका मोठा बार. तसं नाही, ते पुढच्या गोळीचं वजन असतं, आतल्या दारूचा आकडा डब्यावर नसतोच.

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकदम सावंतवाडीचं मामाचं दुकान उघडलं. मामा सराफ. काचेच्या पेटीत तो पितळी काटा, दोन्ही पारडी, आणि लाल-काळ्या गुंजांची डबी, जी आता कोणी वापरत नव्हतं पण मामा आम्हा पोरांना खेळायला द्यायचा. आठ गुंजा म्हणजे मासा, बारा मासे म्हणजे तोळा. ग्रेन म्हणजे पण मुळात धान्याचा दाणाच, आपली गुंज तसा त्यांचा दाणा. आणि तोळा बरोबर १८० ग्रेनचा, कंपनी सरकारने १८३५ ला जो रुपया पाडला त्याचं वजन तेवढंच होतं. फोनवर हिशेब केला. मासा म्हणजे पंधरा ग्रेन. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा. १५० ग्रेनची दहा मासे, एक गुंज इकडे नाही की तिकडे नाही. माझी १३० ची पावणेनऊ मासे, जरा कमीच पण मामाने मुद्दाम पावणेनऊ धरले असते. बाजूला एक माणूस ट्रॉलीत हजार हजारची खोकी टाकत होता आणि मी तिथे उभा राहून गोळ्या तोळ्यामाश्यात मोजत होतो. त्या भिंतीसमोर पहिल्यांदाच मला काहीतरी कळल्यासारखं वाटलं. 'तीन-चार ग्रॅमची गोळी' म्हणलं की काही वाटत नाही, पण 'साडेतीन-पावणेचार मासे', तेवढ्यात कानातली होतात, तेवढ्यात एक डुक्कर पण मरतं.

मरतं की नुसतं जखमी होतं, तोच तर सगळा वाद.

काकांच्या गॅरेजमध्ये कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. इतक्या वर्षांत मारलेल्या जनावरांतून ज्या गोळ्या परत सापडल्या त्या त्यात टाकलेल्या. एका संध्याकाळी त्यांनी तो माझ्या ओंजळीत ओतला. गार, जड, वाकडीतिकडी फुलं. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असतं ती, ती लागल्यावर अळंबीसारखी फुलते, आमच्याकडे पहिल्या पावसात वारुळावर येतात ना अगदी तशी, वर छत्री आणि खाली दांडा. काहींची छत्री अर्धीच, बाकी शिसं कुठे गेलं? "मांसात," काका म्हणाले. एक बॉन्डेड, म्हणजे तांब्याचं आवरण आणि शिसं एकमेकांना घट्ट चिकटवलेली, ती नीट एकसंध. आणि एक नुसती तांब्याची, चार पाकळ्या उलट्या वळलेल्या, इतकी सुबक की लॉकेट म्हणून गळ्यात घातली असती. एक तर जशी निघाली तशीच, नवीकोरी, टोकदार, ती फुल मेटल जॅकेट. टोकापर्यंत तांब्याने बंद, त्यामुळे फुलतच नाही, दाभणासारखी आरपार जाते आणि जनावर तसंच पळत सुटतं. ती नेमबाजीला, कागदावर भोकं पाडायला. स्वस्त असते म्हणून लोक डुकरावर पण वापरतात. काका त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं ती एक गोळी बाजूला सारली.

मग त्यांनी गॅरेजच्या फ्रीजवर पेनाने डुक्कर काढून दाखवला. हरणापेक्षा डुकराचं हृदय खाली आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाची सवय असलेला माणूस जरा मागे मारतो आणि ते जाऊन आतड्यात लागतं. वरून मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या चिवट कातड्याची ढाल असते, नर नर भांडतात तेव्हा सुळे लागू नयेत म्हणून निसर्गाने दिलेली, आणि हलकी, पटकन फुटणारी गोळी या ढालीतच फुटून संपते, आत पोचतच नाही. पंचावन्न ग्रेनच्या २२३ ने मारणारे पुष्कळ आहेत, कानामागे बोटभर जागेत मारली तर जागेवर बसतो, पण ती बोटभर जागा डुक्कर खाताना सारखी हलवत असतो. काकांचं म्हणणं, नवशिक्याने ती ऐट करू नये. जास्त जड गोळी घ्यावी, खांद्याच्या मागच्या कडेला खाली धरावं, आणि मागे दुसरं जनावर उभं नाही ना ते बघावं कारण ही कळपाने असतात. शिशाचं एक वेगळंच. शिसं फुटतं तेव्हा त्याचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्याला दिसत नाहीत, एक्सरेत दिसतात. कॅलिफोर्नियात कोंडोर गिधाडं शिशाने मरायला लागली म्हणून २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद. म्हणून त्या दाढीवाल्याने विचारलं, खाणार का. खाणार असाल तर तांबं. नुसतंच मारणार असाल तर काय, काहीही.

मला आजोबा आठवत होते. खरं सांगायचं तर दुकानात पहिल्या दिवसापासून आठवत होते, मी टाळत होतो.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, सिंधुदुर्गात अशा घरोघरी असायच्या, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, मग नेमकं त्याच वेळी भात लोंबीवर असलं की डुकरांची चंगळ. परवाना राखणीसाठी, मारायला कायद्याने बंदीच, पण त्या गोष्टी तेव्हा गावात कोणी फार बोलायचं नाही. बंदूक ठासायची म्हणजे आधी दारू, अंदाजाने, तळहाताच्या खळग्यात घेऊन. मग काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे. आता छर्रे कुठले? जे मिळतील ते. मालवणहून कोणी आणून दिलेली जाळ्याची शिशाची वजनं ठोकून तुकडे केलेली, आणि ती संपली की सायकलच्या चाकातले छर्रे, एकदा तर खिळ्यांची डोकी. वर परत बोळा. मागे केप, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, लावायची. आजोबांचं हे सगळं चाललेलं असताना मी पडवीच्या पायरीवर बसून बघायचो, त्या काळ्या दारूचा वास अजून नाकात आहे, काडेपेटी आणि कुजकं अंडं यांच्या मधला. तिथे खाणार का मारणार असा प्रश्न कोणी विचारला नाही. निवडायला होतं काय!

१९९१ असेल, मी नऊ वर्षांचा. दसऱ्याच्या आधी आठ दिवस. रात्री माळ्यावरून आजोबांनी बार काढला, नेहमी तो नुसता घाबरवायला असायचा पण त्या रात्री डुक्कर समोरच आला होता. किंकाळी आम्हाला घरापर्यंत ऐकू आली. डुकराची किंकाळी ज्याने ऐकली नाही त्याला सांगून कळणार नाही, माणसासारखी असते म्हणतात पण तसं नाही, माणूस मध्ये श्वास घेतो. सकाळी रक्त सापडलं, मेरेवरून वहाळात, वहाळातून पलीकडे करवंदीच्या जाळीत. जाळीत जायची कोणाची छाती झाली नाही, जायबंदी डुक्कर माणूस फाडतो. दुसऱ्या दिवशी आजोबा एकटेच जाळीपर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी परत. आत हलतंय, एवढंच त्यांनी सांगितलं. चौथ्या दिवशी कावळे उतरले आणि पाचव्या दिवशी वाऱ्याबरोबर वास घरात आला. आजी जेवण वाढत होती. ती आजोबांना उलट कधी बोलायची नाही, त्या दिवशी भाताचा डाव हातात तसाच धरून म्हणाली, "धड मारलात नाय, धड जगूक दिलात नाय." आजोबा जेवले. पण त्यानंतर त्यांनी बंदुकीत छर्रे कधी घातले नाहीत, नुसती दारू आणि काथ्या. नुसता आवाज. डुकरांना ते वर्षभरात कळलं आणि आमच्या कोपऱ्याच्या दोन कुणग्यांत मग भात कधी पुरतं हाताला लागलंच नाही.

असो.

दुकानातून आल्यावर त्याच रविवारी आईला फोन केला. तिला बंदुकीचं वगैरे काही सांगितलं नाही, एवढंच म्हणलं की इथे शेजारी डुकराच्या शिकारीला जाणारेत, मांस देतील म्हणतात, घ्यायचं का? आईने एक सेकंद पण न थांबता विचारलं, "रानातलो की गावातलो?" आणि मी गप्पच झालो. कारण आमच्यात हा नियम पक्का. गावातला डुक्कर, गटारात फिरणारा, त्याचं नाव पण घ्यायचं नाही. रानातला, तो वेगळा, त्याचे वाटे पडतात, ज्याचा बार लागला त्याला जास्तीचा, आणि ते मटण मग घराबाहेरच्या चुलीवर, परड्यात, वेगळ्या टोपात. एकच प्राणी, पण एक विटाळ आणि एक शिकार. मी आईला काय सांगणार? टेक्सासचा डुक्कर हा स्पॅनिश लोकांनी बोटीतून आणलेल्या पाळीव डुकरांचा वंशज. १५३९ ला फ्लोरिडात पहिली मोठी खेप उतरली, मग टेक्सासकडे, मग वसाहतवाल्यांनी मोकाट सोडली, ती सुटली ती सुटलीच. वर १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातले खरे रानडुक्कर आणून सोडले, ते यांच्यात मिसळले. म्हणजे बाप रानातला, आई गावातली, किंवा उलटं, आणि पिढ्या गेल्या. केस राठ, नाक लांब, सुळे बाहेर, पण पाठीवर मधूनच गोठ्यातल्या डुकरासारखा पांढरा पट्टा. आईला म्हणलं, "गावातलोच, पण रानात गेलेलो." आई हसली. "मगे तुझ्यासारखोच," म्हणाली, आणि कोथिंबीर किती महाग झालीय त्याकडे वळली.

रेंजवर गेलो एका शनिवारी. काकांची बोल्ट अॅक्शन रायफल, खांद्याला टॉवेलची घडी लावून. मला वाटलं होतं ३०८ म्हणजे ३०८, कुठलीही गोळी घाला, पण तसं नसतं, शिशाच्या १५० ग्रेनवर जुळवलेली रायफल तांब्याची १३० घातल्यावर शंभर यार्डावर दोन बोटं वेगळीकडेच मारायला लागली. परत स्कोपचे स्क्रू फिरवले. सहा काडतुसं कागदावर गेली. सातवं घालू दिलं नाही काकांनी, पुरे झालं म्हणाले.

जूनमधली संध्याकाळ. त्या उन्हात ब्लाइंडमध्ये, म्हणजे पत्र्याच्या एका पेटीत, तीन तास. आजोबांचा माळा निदान वाऱ्यावर तरी असायचा. समोर ऐंशी यार्डावर मक्याचा फीडर, साडेसात वाजता आपोआप गर्र करून फिरला आणि दाणे उडाले. पलीकडे भात. मी त्या भाताकडेच बघत होतो, हिरवा अगदी तोच, वारा आला की तसाच एकीकडून दुसरीकडे मान टाकत जाणारा, फक्त बगळ्यांच्या मागे डोंगर नाही. पिकअपच्या मागे मी दोन मोठे कूलर बर्फाने भरून आणले होते. गरमीत मांस तासाभरात खराब व्हायला लागतं असं वाचलं होतं. हातमोजे पण आणले होते, यांना ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो, उघड्या हाताने सोलायचं नाही. सगळी तयारी खाणाऱ्या माणसाची. घरी कोण शिजवणार, कोणत्या भांड्यात, हे मात्र मी बायकोला विचारलंच नव्हतं.

तो एकटा आला. मोठे नर एकटेच असतात. झाडीतून निघाला, थांबला, नाक वर केलं, वारा आमच्या तोंडावर होता. काळाभोर, मानेवर आयाळ, आणि पुढच्या एका पायाला पांढरा मोजा. गावातल्या आईचा. मका खाताना त्याचा कचकच आवाज ऐकू येत होता, ऐंशी यार्डांवरून, खरंच. काकांनी काही म्हणलं नाही. मी खांद्याच्या मागच्या कडेला, खाली, अजून जरा खाली धरलं. ही गोळी आवाजाच्या अडीच पटीहून जोरात जाते, म्हणजे त्याला आवाज ऐकू यायच्या आत ती पोचलेली असते, हे मी डब्याच्या मागचा तक्ता वाचून शंभरदा स्वतःला सांगितलं होतं.

किंकाळी आली नाही. एक घुर्र आवाज, आणि तो पळाला. बांधाकडे पळाला. मी मोजायला लागलो, का ते मला नाही माहीत, एक, दोन, तीन, आणि माझ्या डोळ्यासमोर फक्त करवंदीची जाळी होती. अकरापर्यंत मोजलं. मग गवत हलायचं थांबलं.

आम्ही अर्धा तास बसून राहिलो, नियमच आहे तो. मग टॉर्च घेऊन गेलो. चाळीस-एक पावलांवर, बांधाच्या अलीकडेच, कुशीवर पडलेला. आत शिरलेलं भोक करंगळीएवढं, पलीकडून बाहेर पडलेलं जुन्या रुपयाएवढं. गोळी सापडणार नव्हती, ती भातात कुठेतरी गेली, चार पाकळ्यांसकट. मी खाली बसलो आणि हातमोजा काढून त्याच्या आयाळीला हात लावला, लावायचा नसतो तरी. राठ, नारळाच्या काथ्यासारखी. मला बरं वाटलं की वाईट हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. सुटल्यासारखं वाटलं एवढं नक्की. पोटात धरून ठेवलेलं काहीतरी जरा सैल झालं, आणि लगेच त्याचीच लाज वाटली, कारण ज्याच्या जिवावर ते सैल झालं तो हा समोर पडलेला, आणि त्याचा आमच्या आजोबांशी काय संबंध.

मग वास आला. म्हाताऱ्या नराचा वास. शंभर किलोच्या आसपासचा असेल, आणि असा उग्र, मुताचा, शिळा, की माझ्या डोळ्यातून पाणी. काका नाकावर रुमाल धरून म्हणाले, हा खायचा नाही, मादी असती तर गोष्ट वेगळी, किंवा पिल्लू. मी म्हणलं, पण मी... आणि थांबलो. काय सांगणार होतो? की मी त्या दुकानदाराला खाणार म्हणून सांगितलंय? काकांनी फोर-व्हीलर आणली, मागच्या पायाला साखळी बांधली आणि शेताच्या टोकाला झाडीत नेऊन टाकला, तिथे आधीची हाडं पडलेली होती. सवयीचं काम, दहा मिनिटांत झालं. मी कूलर उपडे केले. वीस-वीस पौंडांचा बर्फ गवतावर पसरला, टॉर्चच्या उजेडात गारा पडल्यासारखा, आणि आम्ही निघेपर्यंत वितळला पण.

दुसऱ्या दिवशी काकांच्या भावाने फोटो पाठवला. झाडावर लाल डोक्याची टर्की व्हल्चर बसलेली, खाली काळी गिधाडं, सात-आठ तरी. आमच्या गावाबाहेर पण मेल्या ढोरावर अशीच यायची, मग त्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे ढोरांना द्यायचे त्या दुखण्यावरच्या औषधाच्या, भानगडीत गेली ती गेलीच. फोटो मोठा करून बघितला. म्हणजे शेवटी खाल्लं कोणीतरी. आणि त्यात शिसं नव्हतं. दुप्पट किंमत मी त्यांच्यासाठी मोजली म्हणायची. बायकोला दाखवायला गेलो, ती म्हणाली, जेवताना नको. आईने पुढच्या रविवारी आठवणीने विचारलं, मटण दिलं काय रे त्या शेजाऱ्यांनी? म्हणलं, नाही दिलं, वास येत होता. "मगे मारूक कित्याक गेल्ले?" म्हणाली. म्हणलं, भात खातात म्हणून. यावर ती काही बोलली नाही. भात खातात हे कारण तिला पटतं.

डबा माझ्याकडेच राहिला. वरच्या कपाटात, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यामागे, कुलूप लावलेल्या टूलबॉक्समध्ये. माझं लायसन्स इथल्या सगळ्यांसारखंच ३१ ऑगस्टला संपतं, आणि ते संपलं की तो डबा माझ्या घरात असणं हाच गुन्हा. काकांना देऊन टाकायचा, किंवा लायसन्स रिन्यू करायचं. काका काल कुंपणावरून सांगत होते की भावाचं भात कापून झालं, आता त्याच बुडख्यांना दुसरं पीक फुटतंय, कोवळं असतं, डुकरं परत येतील. येतोस का विचारलं. मी बघतो म्हणालो.

रात्री सगळे झोपल्यावर डबा काढून मोजला. सहा कागदावर, एक त्याच्यात, राहिले तेरा. तेरा गुणिले पावणेनऊ, म्हणजे साडेनऊ तोळे. मामा असता तर म्हणाला असता, अरे एवढ्यात एका मुलीचं लग्न निघतं. एक काडतूस तळहातावर जरा वेळ धरलं, परत जागेवर ठेवलं, कुलूप लावलं, कंदिलाचं खोकं पुढे सरकवलं. आज २६ तारीख आहे.